तीन डब्या, १८० कॅप्सूल आणि एलडीएल १७१ वरून १७२

पाचपैकी एक तारा. सविस्तर लिहितोय, कारण कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठीची ही झाडपाल्याची कॅप्सूल मागवण्याआधी मी स्वतः शंभरेक अभिप्राय वाचले होते. ‘खूप छान प्रॉडक्ट’, ‘आईला फरक पडला’, ‘डिलिव्हरी वेळेवर’. एकातही रक्ततपासणीचा आकडा नव्हता. निदान एका अभिप्रायात तरी आकडे असावेत, म्हणून हा लिहायला घेतला.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ५१. सव्वीस वर्षं हेच काम: पोती मोजायची, सौद्याला उभं राहायचं, पट्ट्या म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या करायच्या, शेतकऱ्याला त्याचा हिशेब समजावून सांगायचा. वडील ५४ व्या वर्षी गेले. बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले आणि तिथेच बसले ते उठलेच नाहीत. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर दुकानातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि माझ्या कागदावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७१ आलं, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. पूर्ण आकडे असे: एकूण कोलेस्टेरॉल २५२, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३८, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २१५. साखर ठीक, रक्तदाब काठावर.

मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांनी कागद बघितला, वडिलांचं वय विचारलं आणि गोळी सुरू करू म्हणाले. मी ‘थोडा वेळ द्या’ म्हणून उठलो. खरं कारण असं, की एकदा गोळी चालू झाली की ती जन्माची, ही धास्ती मनात होती. शेजारच्या गाळ्यातल्या एकाने स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या याच गोळीने, पाय दुखतात, लिव्हर जातं, असं सांगून ठेवलं होतं. आणि सव्वीस वर्षं हळदीत वावरलेल्या माणसाला झाडपाल्यावर विश्वास ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या घरी ठेच लागली तरी हळद, खोकला आला तरी हळद.

त्याच आठवड्यात मोबाइलवर ही जाहिरात आली. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय. अशाच मिश्रणाच्या डब्या वेगवेगळ्या नावांनी दुकानांत आहेत. तुमच्या हातातली डबी उलटी करून मागची बाजू वाचलीत की ओळख पटेल.

पुढच्या बाजूला लाल हृदय, त्याभोवती अर्जुनाची पानं. मागे बारीक अक्षरांत प्रत्येक कॅप्सूलमधला मजकूर: अर्जुन सालीचा अर्क २०० मिलिग्रॅम, गुग्गुळाचा अर्क १००, लसणाचा अर्क १००, कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) ५०, मेथी ५०. साठ कॅप्सूलची डबी ८९९ रुपयांना, तीन डब्या एकदम घेतल्या तर २,४९९. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. मी तीन डब्यांचा संच घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत नव्वद दिवस एकही खाडा न करता घेतला. तेलकट-तुपकटाचं खाणं मुद्दाम आधीसारखंच ठेवलं, वजनही तेवढंच राहिलं. फरक पडला तर तो कॅप्सूलचाच, हे स्वच्छ कळावं म्हणून. पहिले आठ-दहा दिवस लसणाचे ढेकर आणि थोडी जळजळ, पुढे तीही गेली.

नव्वद दिवसांनी त्याच प्रयोगशाळेत, तसंच बारा तास उपाशी राहून रक्त दिलं. एकूण २४९, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड १९०, एलडीएल १७२.

एका अंकाने वाढलं, असं मी म्हणत नाही. आज रक्त दिलं आणि उद्या परत दिलं तरी दोन-चार अंक इकडेतिकडे होतातच. म्हणजे काहीही झालं नाही. २,४९९ रुपये गेले त्याचं वाईट वाटतं. त्याहून जास्त वाईट वाटतं ते माझ्यासारख्या घराण्यातल्या माणसाने फुकट घालवलेल्या तीन महिन्यांचं.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती, पण तिने मला जे सांगितलं ते मी तसंच लिहितो. आधी म्हणाली, शरीरातली साठलेली चरबी सुटून रक्तात येते, म्हणून सुरुवातीला आकडा कमी दिसत नाही, सहा महिन्यांचा कोर्स करा. मी विचारलं, सहा महिन्यांनीही नाही उतरला तर? म्हणाली, तुमची पचनशक्ती कमजोर असेल, त्यासाठी आमचं दुसरं चूर्ण आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितलीये म्हटल्यावर म्हणाली, ‘सर, एकदा केमिकलची सवय लागली की सुटत नाही, आपण नैसर्गिक मार्गाने जाऊ.’ रक्ताचा कागद न बघता, वडिलांबद्दल एक प्रश्न न विचारता, फोनवर हा सल्ला. डबी उघडलेली असल्यामुळे पैसे परत नाहीत, हे शेवटी. डबीवर चौकोनी कोड आहे, तो स्कॅन केला की त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल दिसेल असं लिहिलंय. तीनही डब्यांवरचा कोड वेगवेगळ्या दिवशी, दोन फोनवरून स्कॅन करून बघितला. अहवाल एकदाही उघडला नाही.

मग मी माझ्या धंद्याला जागून एक गोष्ट केली. ती आधीच करायला हवी होती.

सौद्यात आम्ही हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग बघतो, मोडतानाचा आवाज ऐकतो, नाकाशी नेतो. पोत्यावरच्या चिठ्ठीवर कुणी भाव लावत नाही. शेवटच्या डबीतली एक कॅप्सूल मी दुकानातल्या गादीवर पांढऱ्या कागदावर उघडली. आतून निघाली फिकट तपकिरी पूड, तंबाखूच्या भुकटीसारखी. वास लसणाचा, मागून थोडा धुपासारखा, तो गुग्गुळाचा असावा. पण लेबल म्हणतं की यात ५० मिलिग्रॅम कर्क्युमिन आहे. कुठल्याही चांगल्या हळदीत शेकडा दोन ते सहा भाग कर्क्युमिन असतं आणि तेवढ्यावरच आमच्या हमालांचे तळवे सीझनभर पिवळे राहतात. इथे तर लेबलच्या हिशेबाने कॅप्सूलचा दहावा भाग निव्वळ कर्क्युमिन. अशी पूड बोटाला लागली तर डाग दिवसभर जायला नको. मी अंगठा दाबला, चोळला, धोतराच्या जुन्या तुकड्याला पुसला. कापडावर जेमतेम पिवळट सावली.

मग पानवाल्याकडून चुना आणला. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आपलं कुंकू असंच करायचे, घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. एका बशीत कॅप्सूलची पूड, दुसऱ्या बशीत घरची राजापुरी हळद, तीही मुद्दाम चिमटीच्या टोकाएवढीच. दोन्हींत चुन्याचं पाणी टाकलं. घरची हळद टाकता क्षणी रक्तासारखी लाल झाली. कॅप्सूलची पूड चहात थेंबभर दूध पडावं तशी थोडी बदलली आणि तशीच राहिली. हा प्रयोगशाळेचा निकाल नाही, लसूण-गुग्गुळाच्या पुडीत रंग दबूही शकतो, हे मला मान्य आहे. पण सव्वीस वर्षांच्या डोळ्यांना जे दिसलं ते दिसलं. असं पोतं सौद्याला आलं असतं तर मी त्यावर बोली लागू दिली नसती.

माझी मुलगी बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने त्या रात्री मला बसवून एकेक घटक समजावला. तिची भाषा जड होती, मी माझ्या भाषेत लिहितो.

गुग्गुळाची गोष्ट मोठी आहे आणि ती आपल्या देशाची आहे. सुश्रुताने मेदोरोगावर, म्हणजे चरबीच्या विकारांवर, गुग्गुळ सांगितला. तो धागा पकडून बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर काम केलं, १९६६ साली त्यांचा प्रबंध आला. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालकही झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावरून औषध तयार केलं आणि १९८०च्या दशकात ते बाजारात आलं. आपल्याकडच्या सुरुवातीच्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरल्याचं दिसलं होतं. हे ऐकताना माझी छाती फुगली. मग तिने पुढचं सांगितलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १०३ लोकांवर आठ आठवडे चाचणी घेतली, २००३ मध्ये ती छापून आली. काहींना गुग्गुळाचा अर्क, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, आणि कुणाला काय दिलंय ते लोकांना माहीत नाही. पोकळ गोळीवाल्यांचं एलडीएल थोडं उतरलं. गुग्गुळवाल्यांचं चार-पाच टक्क्यांनी वाढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं ते वेगळंच. त्या लोकांचं खाणं वेगळं, शरीर वेगळं, असं मी भांडून बघितलं. ती म्हणाली, ‘बाबा, असेल. पण मग आपल्या माणसांवरची तशीच कडक चाचणी डबीवाल्यांनी दाखवायला हवी ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिवाय गुग्गुळाचं झाड कच्छ-राजस्थानच्या कोरड्या रानात वाढतं आणि डिंकासाठी खोडाला चिरा मारून मारून ते आज अतिसंकटग्रस्त झाडांच्या जागतिक यादीत गेलंय. माल दुर्मीळ झाला की भेसळ येते, हे मला कुणी सांगायला नको. दुसरे डिंक मिसळलेला गुग्गुळ बाजारात सर्रास मिळतो. डबीत कुठला पडला, ते कोण बघणार?

लसणाचं ऐकून मला जास्त नवल वाटलं, कारण सकाळी उपाशीपोटी लसणाची पाकळी खाणारे माझ्या ओळखीत दहा तरी आहेत. स्टॅनफर्डच्या लोकांनी १९२ माणसांना सहा महिने कच्चा लसूण आणि लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या देऊन बघितल्या, २००७ साली निकाल छापला. एलडीएलवर काहीही परिणाम नाही. २०२२ मध्ये क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी तर सगळंच एका रांगेत उभं केलं: लसूण, हळद, दालचिनी, माशाचं तेल, वनस्पतीतले स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ, आणि त्यांच्या जोडीला रोसुवास्टॅटिनची फक्त पाच मिलिग्रॅमची गोळी. सुमारे १९० माणसं, २८ दिवस. छोट्या गोळीने एलडीएल जवळपास ३८ टक्के उतरवलं. बाकी सहापैकी एकही पोकळ गोळीहून वरचढ ठरलं नाही. लसणाने तर थोडं वाढवलंच. लसूण जेवणात जरूर घाला, चटणी करा. मी फक्त त्याच्या कॅप्सूलला महिन्याला पैसे मोजण्याबद्दल बोलतोय.

लाल यीस्टच्या तांदळाबद्दल दोन शब्द, कारण न्यू जर्सीचा पुतण्या त्याची बाटली घेऊन आला होता. वरच्या चाचणीत तो वरचढ ठरला नसला तरी हा तांदूळ खरोखर काम करू शकतो, आणि त्याचं कारण म्हणजे त्यात मोनॅकोलिन के नावाचा घटक असतो, जो लोव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या गोळीतल्या औषधाशी तंतोतंत एकच आहे. म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेली ती स्टॅटिनच, फक्त बाटलीत किती आहे ते नक्की नाही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दिवसाला तीन मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचं बंधन घातलं. डॉक्टरांची स्टॅटिन चालू असताना वरून हा घेणं म्हणजे नकळत दुप्पट डोस. बाटली तशीच परत दिली.

आता अर्जुन. त्यासाठी मी गावभागातल्या आमच्या वैद्यबाईंकडे गेलो. मला आयुर्वेदावर राग काढायचा नव्हता, समजून घ्यायचं होतं. त्यांनी लेबल चष्मा वर करून दोनदा वाचलं. म्हणाल्या, ‘दिवाणजी, जुन्या ग्रंथांत हृद्रोगाला अर्जुनाची साल दुधात उकळून दिलेली आहे, ते खरं. मी आजही देते. पण साल चूर्ण म्हणून द्यायची तर ती दिवसाला ग्रॅमांत मोजते, तीनपासून सहापर्यंत. तुमच्या या अर्कात किती सालीचं सत्त्व उतरलंय, ते लिहिलेलंच नाही, मग मी तुलना कशाशी करू? गुग्गुळ त्रिफळ्याच्या काढ्यात शोधून, म्हणजे शुद्ध करून घ्यावा लागतो, तो शोधलाय की नाही तेही लिहिलेलं नाही.’ मग माझी नाडी बघितली, झोप विचारली, वडिलांचं विचारलं आणि शेवटी जे बोलल्या त्यासाठी मी त्यांना मनापासून मानतो: ‘तुम्हाला मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेली गोळी मी थांबवायला सांगितली नसती. मी रोग्याला औषध देते. रोगी न बघता डबी विकणं ही आमची परंपरा नाही.’ तपासणीचे दोनशे रुपये घेतले. या सगळ्या प्रकरणात माझे सर्वांत सत्कारणी लागलेले दोनशे रुपये ते.

डबीवरची आणखी एक ओळ त्यांनीच बोट ठेवून दाखवली. अगदी खाली, तळाला लागून इंग्रजीत छापलंय की हे औषधी वापरासाठी नाही. जाहिरातीत ‘ब्लॉकेज मोकळे करा’, आणि डबीच्या बुडाशी हे. आपल्याकडे १९५४ पासून औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे आणि ज्या आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करायचा नाही त्यांच्या यादीत हृदयविकार आहे. म्हणून तुमच्या हातातल्या डबीवरची सगळ्यांत बारीक ओळ आधी वाचा, मोठी अक्षरं नंतर.

एवढ्यावर मी कदाचित अभिप्राय लिहिला नसता. पैसे गेले, शिकलो, म्हणून गप्प बसलो असतो. लिहायला लावलं ते तात्यांनी.

तात्या तासगाव बाजूचे शेतकरी, वीस वर्षांपासून आमच्याकडे हळद घालतात. चार वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवली. डिसेंबरात ते पट्टी न्यायला आले तेव्हा माझ्या टेबलावर डबी बघून म्हणाले, हे काय? मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, अर्जुन आहे, गुग्गुळ आहे, सगळं आपलंच, कोलेस्टेरॉलवर आहे. तेव्हा माझी पहिली डबीही संपली नव्हती. नंबर मीच त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. त्यांनी मागवली. आणि मला न सांगता, घरी न सांगता, रोजची ॲटोरवास्टॅटिन ही स्टॅटिनची गोळी बंद केली, कारण फोनवरच्या माणसाने ‘दोन्ही एकत्र नको’ असं सांगितलं होतं.

मार्चच्या सुरुवातीला, ऐन आवकेत, सौदा चालू असताना तात्या पोत्याच्या थप्पीला टेकून खाली बसले. ऊन चढलेलं नव्हतं तरी सदरा घामाने भिजलेला. डावा हात मांडीवर दाबून धरलेला. माझ्या डोळ्यांपुढे आमचा गोठा उभा राहिला. मालकांच्या गाडीत घालून वीसेक मिनिटांत मिरज गाठलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? तात्यांनी बंडीच्या खिशातून ती डबी काढून पुढे केली. मी तिथेच उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही, तरी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तात्या वाचले. दुसऱ्या एका धमनीत अडथळा निघाला, पुन्हा स्टेंट. गोळी बंद केल्यामुळेच हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका माणसाबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही, पण स्टेंट बसलेल्या माणसाने स्टॅटिन सोडणं हा जिवाशी खेळ आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये आपल्या लोकांसाठी आकडे ठरवून दिलेत: सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या आत, धोका जास्त असेल तर ७० च्या आत, आणि तात्यांसारखा आधीच हृदयविकार असलेल्याचं ५५ च्या आत. तात्यांचं त्या दिवशी १४८ होतं. शिवाय त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, आणि लसणाचा अर्क त्यांच्या जोडीला घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डबीवर याबद्दल एक शब्द नाही.

तात्यांची माफी मी मागितली. ते म्हणाले, ‘दिवाणजी, तुमच्या मनात पाप नव्हतं.’ पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनी नंबर घेतला असे दुकानातले आणखी तिघं होते. त्या तिघांना मी स्वतः घरी जाऊन सांगून आलो. राहिलेल्यांसाठी हा अभिप्राय.

आता मी काय केलं ते. फेब्रुवारीत कॅप्सूल संपल्यावर डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी विचारलं, ‘घरगुतीच काही करायचंय ना? मग इसबगोल घ्या, आठ आठवडे.’ मला वाटलं इसबगोल फक्त पोट साफ व्हायला. पण त्याच्या भुशात विरघळणारा तंतू असतो, तो आतड्यात बुळबुळीत होऊन पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही १९९८ मध्ये इसबगोलाला हृदयविकाराचा धोका कमी करण्याचा दावा करायला परवानगी दिली. दिवसाला साधारण दहा ग्रॅम, दोन वेळांत विभागून, भरपूर पाण्यातून. पाणी कमी पडलं तर घशात गोळा अडकू शकतो, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका. आणि इतर गोळ्या त्याच्यापासून तास-दोन तास लांब ठेवा. पहिला आठवडा पोट गच्च राहतं. माल बहुतेक गुजरातचा, उंझ्याच्या बाजारातला. मी नेहमीच्या किराणावाल्याकडून घेतो.

त्याच्या जोडीला या वेळी खाणंही बदललं: संध्याकाळच्या सौद्यानंतरची भजी आणि भडंगाची पुडी बंद, बेकरीचं खारी-टोस्ट बंद, वनस्पती तुपातलं काही नाही, आणि कृष्णाकाठाने हरिपूरपर्यंत रोज पायी. आमच्या चुलत्यांच्या वेळेस हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. त्या बाजूने चालताना मला बरं वाटतं. आठ आठवड्यांनी एलडीएल १५६. म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास उतरलं. त्यात इसबगोलाचं किती आणि भज्यांचं किती, ते वेगळं काढता येणार नाही.

डॉक्टर म्हणाले, उत्तम, हे चालूच ठेवा, पण वडिलांचं वय ५४ आणि तुमचं ५१, मला १५६ वर थांबता येणार नाही. मे महिन्यात रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू केली. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखल्या आणि मी घाबरून फोन केला. त्यांनी स्नायूंची रक्ततपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली. मग त्यांनी लंडनमधल्या एका चाचणीचं सांगितलं: त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने पोकळ आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीवर होणाऱ्या त्रासापैकी ९० टक्के पोकळ गोळीवरही होत होता. कुणाला खरंच स्नायूंचा त्रास होतो, अशांसाठी डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, पण आधी डॉक्टरांना सांगायचं, परस्पर बंद करायची नाही. माझं दुखणं पंधरा दिवसांत गेलं. कदाचित ते हरिपूरच्या चालण्याचंच असेल.

जुलैत तपासणी केली. एकूण १५३, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १४०, एलडीएल ८४. यकृताची तपासणीही व्यवस्थित. जेनेरिक गोळीचा महिन्याचा खर्च शंभराच्या आत, कॅप्सूलचा ८३३ होता.

ही डबी कुणी विकत घ्यायचा विचार करत असेल तर माझं एवढंच मागणं आहे: घ्यायच्या आधी रक्त तपासा, तीन महिन्यांनी परत तपासा, आणि मधल्या काळात डॉक्टरांची एकही गोळी सोडू नका. जे काही घेताय ते, झाडपाला असला तरी, डॉक्टरांना डबी दाखवून सांगा. लसूण, हळद, गुग्गुळ, सगळं.

तात्या परवा येऊन गेले, नव्या पट्टीसाठी. सदऱ्याच्या खिशात गोळ्यांच्या पाकिटाबरोबर घडी घातलेला कागद होता, तो त्यांनी न विचारता उलगडून दाखवला. एलडीएल ६१. डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडलीये, अजून सहा अंक तरी खाली न्यायचेत. माझी पुढची तपासणी दिवाळीच्या आधी आहे. आकडा आला की इथेच खाली लिहीन.